माणूस सात

सरांचं प्रेत सापडलं तेव्हा त्याच्याभोवती शेकाटे चरत होते. काडीसारख्या लांब गुलाबी पायांवर डुलत ते चिखलात चोची खुपसत होते, जणू मधोमध पडलेला माणूस म्हणजे पाणी ओसरल्यावर वर आलेला एखादा ओंडका. सर पालथे होते. डोक्याची मागची बाजू फुटली होती, आणि तोंड इतकं रुतलं होतं की ते बाहेर काढताना होडीवाल्या गोरख भोयाला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. उजव्या मनगटावर कुत्र्याचे दात उमटले होते. शेजारी त्यांच्याच जाळ्याचा बांबू पडला होता, टोकाला केस चिकटलेले.

सरांच्या मुलीने, ऋजुताने, हे पाहिलं नव्हतं. ती पुण्यात होती. गोरखने तिला सांगितलं, आणि सांगताना काही गाळलं नाही, कारण तिने तसं बजावलं होतं.

वडजी धरणाचा फुगवटा बेटटाकळीच्या शिवाराला येऊन टेकतो. तिथे पाणी उथळ आणि चिखल खोल. हिवाळ्यात उत्तरेकडून तुतवार, टिलवे, मालगुजे अशी पाणपाखरं हजारोंनी उतरतात. शेकाटे आणि टिटव्या बारा महिने तिथल्याच. सर, म्हणजे भालचंद्र पाटणकर, तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. नोकरीत असल्यापासून ते सुट्टीच्या दिवशी इथे येत; बायको गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर या चिखलाच्या काठावर येऊन राहिले. पहाटे जाळं लावायचं, अडकलेलं पाखरू अलगद सोडवायचं, पायात नंबराची कडी घालायची, पंख मोजायचे आणि सोडून द्यायचं. कोण कुठे जातं, किती जगतं, हे जगभर असंच कळतं. उन्हाळ्यात घरट्यांतली पिल्लंसुद्धा ते मुठीत घेऊन कडी घालत. "पाखरं मला ओळखतात," असं ते लाजत सांगत, लोक नातवंडांबद्दल सांगतात तसं.

गावात त्यांना मान होता, पण त्या मानात एक कुसळ होतं. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळावर पूर्वी गावकरी कलिंगडं-काकड्या लावत. सरांनी अर्जांवर अर्ज करून तो पट्टा पाखरांच्या विणीसाठी राखीव करून घेतला, आणि गाळपेर बंद झाली. घरटी दिसत राहतील तोवर राखीव, असा सरकारी नियम होता.

तेराव्याला रीतीप्रमाणे गेलेल्याचे कपडे द्यायचे होते. अंगावरचे पोलिसांकडे जमा होते. पण सर एकाच शिंप्याकडून एकसारखे दोन कोट शिवून घेत, एक अंगावर, एक दोरीवर. शेवाळी रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा, खिसेच खिसे असलेला. ऋजुताने दोरीवरचा कोट आणि रुंद काठाची कापडी टोपी गोरखच्या हातात ठेवली.

"एवढा भारी कोट, ताई... होडीत खराब व्हईल."

"होडीत नको घालू. चिखलात उतरशील तेव्हा घाल. कानोसाच्या बॅटऱ्या आता तुलाच बदलायच्या आहेत."

गोरखने कोट कपाळाला लावला. त्याची बायको मंदा डोळे पुसत म्हणाली, "सरांचा वास येतोय त्याला अजून."

*

कानोसा हे ऋजुताचं यंत्र.

दलदलीत उभ्या केलेल्या प्रत्येक बांबूच्या टोकाला मुठीएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. त्यात ऐकणारे कान आणि वर सूर्यावर चालणारी पट्टी. एकच आवाज वेगवेगळ्या बांबूंपर्यंत किंचित मागे-पुढे पोचतो. त्या फरकावरून तो कुठे उमटला हे हातभराच्या अचूकतेने काढता येतं. इथवर नवं काही नव्हतं. नवं होतं ते पुढचं.

पाखरं संकट बघून ओरडतात, आणि प्रत्येक संकटाला तेच ओरडत नाहीत. घार वरून येते तेव्हा टिटवीची हाक वेगळी, मुंगूस गवतातून येतं तेव्हा वेगळी. आपल्या कानाला तो एकच कलकलाट वाटतो, पण हाकेचे बारीक तुकडे करून तपासले की त्यात 'काय', 'किती लांब' आणि 'किती वेगाने' हे तिन्ही सापडतं. ऋजुताच्या गटाला पाच वर्षांच्या खटपटीनंतर चौथी गोष्ट सापडली: 'कोण'. काही पाखरं माणसं ओळखतात हे आधीपासून ठाऊक होतं. बेटटाकळीच्या टिटव्या आणि शेकाटे ज्या माणसाने त्रास दिला त्याच्यासाठी एक खास हाक ठेवतात, ती आपल्या पिल्लांना शिकवतात, आणि ज्या पिल्लाने तो माणूस कधी पाहिला नाही तेही मोठेपणी त्याला तीच हाक देतं, हे त्या गटाने दाखवून दिलं.

म्हणजे कॅमेऱ्याशिवाय, धुक्यातसुद्धा, दलदलीत कोण फिरतंय हे कळत होतं. माणसांचे आवाज मात्र यंत्र जागच्या जागी पुसून टाकी. तसा कायदाच झाला होता. उरायची ती फक्त पाखरांची बोली. कानोसा प्रत्येक माणसाला क्रमांक देई आणि फोनवर बोलून सांगे. सरांचे हात सदा चिखलात, पडदा कोण बघणार? "तुझाच आवाज घाल त्यात," ते म्हणाले होते. "रोज चार शब्द तरी ऐकू येतील." म्हणून कानोसा ऋजुताच्या आवाजात बोले. घार. कुत्रे. होडी. माणूस चार.

सरांना क्रमांक नव्हता. ते दिवसभर तिथेच. त्यांच्यामुळे यंत्राचा घोळ होऊ नये म्हणून त्यांच्या खिशात एक छोटा बिल्ला असे. बिल्ल्याभोवती पाखरं काय ओरडतात त्याकडे लक्ष द्यायचं नाही, अशी एक ओळ ऋजुताने कानोसात घातली होती. तिने विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला बघूनही ओरडतातच की."

"अगं, ते सवयीने. टिटवी स्वतःच्या सावलीवरसुद्धा ओरडते. माझ्यावरच्या ओरडण्यात दम नसतो. वीस वर्षांची ओळख आहे आमची."

तिने ते मानलं. बापाचं कोण मानत नाही?

माघ सरत आला होता, टिटव्यांची पहिली घरटी दिसू लागली होती. त्या धुक्याच्या सकाळी बिल्ला घरी खिडकीत राहिला होता. कानोसाने त्या सकाळी एक नवी हाक नोंदवली आणि तिला पुढचा क्रमांक दिला. माणूस सात. नकाशावर त्याचा माग स्वच्छ होता. बांधावरून तो चिखलात उतरला. चार पावलं, थांबला. चार पावलं, थांबला. मग दक्षिणेकडून कुत्रे आले, वेगाने. कुत्रे तिथे रोजच येत, मोकाट असतील असं सगळ्यांनी धरलं होतं. आणि सात चालत चालत नेमका तिथे येऊन थांबला जिथे प्रेत सापडलं. मग सगळं रान एकदम उडालं. त्यानंतर बराच वेळ काहीच नव्हतं.

ऋजुताने ते इतक्यांदा ऐकलं की झोपेतही तिला ती हाक ऐकू येई. तीन तुटक सूर आणि एक लांब. तिच्या बापाच्या खुन्याचं नाव. ते नाव पाखरांना ठाऊक होतं, आणि आता तिला.

फौजदार शेलार बाई कोरड्या होत्या, पण वाईट नव्हत्या. "पाखरांची साक्ष कोर्टात चालत नाही, ऋजुता. त्यांना शपथ कशावर घालू?"

"माणूस दाखवला तर पुरावा तुम्ही शोधाल ना?"

"दाखवा. मग बघू."

*

चैत्रात पोलिसांनी दलदलीत जायची बंदी उठवली, आणि ऋजुता घर आवरायला आली.

सकाळी बांधावर तिपाई रोवून ती दुर्बिणीतून बघत बसली. उत्तरेकडचे बहुतेक पाहुणे परतले होते. एक टिलवा मागे राहिला होता, चिमणीएवढा, मातकट. सरांनी लहानपणी शिकवलेलं तिला पाठ होतं: आधी पाय बघ, मग चोच, मग चाल. रंग सगळ्यांत शेवटी. पिसं म्हणजे कपडे. ऋतू बदलला की बदलतात. चाल बदलत नाही. पाय पिवळसर, म्हणजे हा टेमिंकचा टिलवा. काळे असते तर छोटा टिलवा. तिने मान हलवली, शेजारी कुणी असल्यासारखी.

"चहा घ्या, ताई."

भैया निगडे थर्मास घेऊन उभा होता. गावातला उठबस करणारा पुढारी. सरांच्या शोकसभेत सगळ्यांत लांब भाषण त्याचंच झालं होतं. मागे बांधावर त्याची पिकअप, आणि हौद्यात साखळीला बांधलेली त्याची दोन कारवानी कुत्री, उंच, सडसडीत, बरगड्या मोजाव्यात अशी.

"सर म्हणजे आमचं दैवत. तुमचं ते यंत्र काय म्हणतंय?"

"अजून काही नाही."

तिच्या फोनमधून तिचाच आवाज आला. "माणूस सात."

तिच्या हातातला चहा सांडला.

"माणूस सात. उत्तर बाजू. हळू."

तिने दुर्बीण फिरवली. कडेच्या पाणकणसांपाशी टिटव्या कुणावर तरी झेपावत होत्या. शेवाळी कोट, रुंद टोपी. क्षणभर तिला वाटलं: बाबा! मग त्या माणसाने मान वर केली आणि गोरखचा चेहरा दिसला. नकाशावर ठिपका सरकत होता. चार पावलं, थांबला. एका बांबूपासून दुसऱ्या बांबूपर्यंत. चार पावलं, थांबला. त्या सकाळचा माग तिने याच्यावर ठेवून पाहिला. चाल तीच.

प्रेत उचलणारा हा. तोंड चिखलातून काढताना जोर लावावा लागला म्हणून सांगणारा हा. आणि कोट कपाळाला लावणाराही.

तिने तिथूनच शेलार बाईंना फोन लावला. "गोरख भोई. हो, खात्री आहे. शंभर टक्के."

"कुणाला बोलू नका. उद्या सकाळी येते," शेलार म्हणाल्या.

पण भैया मागेच उभा होता. त्याने थर्मासचं झाकण सावकाश लावलं. "अरेरे," तो म्हणाला. "सरांच्याच अन्नावर वाढलेला."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आरडाओरड्याने जाग आली. फोनवर गावभर फिरलेला निरोप होता: पाखरांनी खुनी दाखवला.

होड्या लागतात त्या उतारावर सगळं गाव जमलं होतं. गोरखला होडीतून खेचून काढलं होतं. जाळी वाळत घालायच्या खांबाला त्याला बांधलं होतं, आणि त्याचीच मासळी पायदळी तुडवली जात होती. वल्ही, काठ्या, एकाच्या हातात टिकावाचा दांडा.

"ए गोऱ्या, सरांचं मीठ खाल्लंस न्हवं रं?"

"आरं, सरांचा कोट घालून मिरवतोय! लाज वाटत न्हाई व्हय?"

"ऐका की माझं, भैया, पाया पडतो..."

भैयाने पहिली काठी घातली. गुडघ्यावर. हाड वाजल्याचा आवाज ऋजुताला उतारावरून ऐकू आला. गोरखने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

पहिल्या काठीला ती काही बोलली नाही.

दुसरी खांद्यावर बसली, तिसरी तोंडावर. मग कोण मारतंय हे कळेनासं झालं. एक वल्हं डोळ्यावर आडवं बसलं आणि रक्ताची धार गळ्यापर्यंत आली. मंदा लोकांच्या पायांतून सरपटत पुढे घुसत होती, कुणीतरी तिला केसांना धरून मागे ओढलं. ऋजुता उभी होती. तिच्या कानात ती हाक वाजत होती, तीन तुटक आणि एक लांब, आणि प्रत्येक काठीबरोबर तिला थोडा थोडा श्वास घेता येत होता. हे तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

"काढा तो कोट!" भैया ओरडला. "सरांचा कोट अंगावर ठेवायची लायकी न्हाई त्याची. चोर!"

दोघांनी बाह्या ओढल्या. मंदा किंचाळली, "चोरला न्हाई! ताईंनी दिलाय! तेराव्याला सगळ्यांसमोर दिलाय, इचारा त्यांना!"

गोरख रक्त थुंकला. "ताई... कोट तुमीच दिला."

कोट चिखलात पडला. वरून जाणाऱ्या टिटवीने त्या पडलेल्या कोटावर सूर मारला. तीन तुटक, एक लांब. आणि खिशातल्या फोनमधून ऋजुताचा आवाज म्हणाला, "माणूस सात."

कोटात माणूस नव्हता.

पाय, चोच, चाल. रंग शेवटी. पिसं म्हणजे कपडे.

पाखरांनी कपडे ओळखले होते. आणि चाल... चार पावलं, थांबणं, चार पावलं, थांबणं. खुनी दबा धरून असा चालत नाही. जाळी तपासणारा माणूस असा चालतो, एका बांबूपासून दुसऱ्या बांबूपर्यंत. वीस वर्षं ती चाल तिने बांधावरून पाहिली होती.

"थांबा!" ती ओरडली. कुणी थांबलं नाही. तिने धावत जाऊन कोट उचलला, टोपी उचलली, चिखलासकट अंगावर चढवली आणि फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवून ती अनवाणी दलदलीत उतरली.

विणीचे दिवस होते. गाळावर सगळीकडे घरटी. ती पाच-सहा पावलं गेली असेल नसेल, आणि आभाळ फाटल्यासारखी पाखरं उठली. टिटव्या डोक्यावरून सपकन जात होत्या, एकीच्या पंखाचं टोक तिच्या गालाला कापून गेलं. शेकाटे लांब पाय लोंबकळवत भोवती फिरत कर्कश ओरडत होते. इतकं भय तिने कधी ऐकलं नव्हतं. त्यात दम नव्हता म्हणे! वीस वर्षं जाळ्यात धरणारा, पिल्लांना मुठीत आवळणारा तो माणूस पुन्हा आला होता.

"माणूस सात," फोन ओरडला. "माणूस सात. माणूस सात."

काठावरचे हात थांबले.

"ऐकलंत?" ऋजुता वळून म्हणाली. "सात मी आहे. आत्ता सात मी आहे. हा कोट सात आहे! त्या सकाळी असलाच कोट बाबांच्या अंगावर होता, आणि बिल्ला घरी खिडकीत. पाखरं बाबांना ओरडत होती. गोरखला नाही."

मंदाने गोरखच्या दोऱ्या सोडवायला घेतल्या.

"बास झालं, ताई," भैया म्हणाला आणि चिखलात उतरला. आवाज समजुतीचा होता. "दुःखानं असं व्हतं माणसाला. या, बाहेर या बघू." तो हात पुढे करून चालत आला.

पाखरांचा आवाज बदलला. ज्याला कान नाहीत त्यालाही कळावा असा.

"कुत्रे," ऋजुताचा आवाज फोनमधून म्हणाला. "कुत्रे. दक्षिण बाजू. जवळ."

सगळ्यांच्या माना फिरल्या. दलदल मोकळी होती. आधी मंदाच बोलली, गोरखचं डोकं मांडीवर घेऊन, हळू.

"कुत्री कुठायत?... कुत्री तर गाडीत हायत."

पिकअपच्या हौद्यात दोन्ही कारवानी साखळ्या ताणून भुंकत होती. भैया जागीच थांबला. त्याने एक पाऊल मागे घेतलं. "कुत्रे," फोन म्हणाला. त्याने दुसरं पाऊल मागे घेतलं. "कुत्रे."

तो कुत्र्यांशिवाय या चिखलात कधी उतरलाच नव्हता. पाखरांच्या लेखी तो आणि त्याची कुत्री हे एकच संकट होतं, त्यांना एकच हाक होती. यंत्राने भुंकणं ऐकून त्या हाकेवर 'कुत्रे' असा शिक्का मारला, आणि ऋजुताने दोन महिने तो वाचून सोडून दिला. गाळ मोकळा व्हावा म्हणून रोज सकाळी घरट्यांवर कुत्री सोडणारा माणूस त्या शिक्क्याच्या आड चालत होता.

"आरं, यंत्र हाय ते," भैया हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "त्याचा काय भरोसा?"

"मघाशी होता की भरोसा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

आणि मघाचीच वल्ही, मघाच्याच काठ्या चिखलात उतरल्या. भैया पळायला वळला, घोट्यापर्यंत रुतला आणि हातांवर आपटला. पहिला दांडा त्याच्या पाठीत बसला. तो उताणा झाला, हात तोंडावर घेतले. "म्या मारायला गेलो न्हवतो! सर फोटो काढत व्हते, घरट्यांवर कुत्री सोडली म्हणून... कुत्र्यानं हात धरला, बांबू हातात आला... एकच घातला, आईची आन, एकच!"

ऋजुता तिथे पोचली होती. तिच्या पायाशी तो पडला होता, तोंड चिखलाच्या इतकं जवळ की नुसता पाय ठेवला असता तरी पुरलं असतं. तिने पाय उचललाही. भोवती सगळे थांबले होते. पहिला हक्क तिचा होता.

उचललेला पाय तिने त्याच्या अंगापलीकडे टाकला आणि दोन्ही बाजूंना पाय रोवून त्याच्यावर उभी राहिली.

"कुणी हात लावायचा नाही."

"ताई, तुमच्या बापाला मारलंय त्यानं!"

"माहीत आहे."

"मग?"

"मघाशीही आपल्याला माहीत होतं."

मागून आलेलं एक वल्हं थांबता थांबलं नाही, तिच्या खांद्यावर बसलं. ती गुडघ्यावर आली, पण हलली नाही. त्याच्या छातीवर कोटाचा घोळ पसरला होता. वर पाखरं तिच्या बापाचं नाव घेऊन आक्रोश करत होती, आणि खाली त्याला मारणारा तिच्या सावलीत हुंदके देत होता. शेलार बाईंची गाडी येईपर्यंत ती तशीच राहिली.

*

गोरखचा डावा डोळा गेला. गुडघा जुळला, पण वाकत नव्हता. सरकारी दवाखान्यात ऋजुता रोज जाऊन बसे. तो फारसं बोलत नसे. सुट्टी मिळायच्या दिवशी म्हणाला, "पैली काठी बसली तवा म्या तुमच्याकडं बघितलं."

"हो."

"तुमी माझ्याकडं बघतच न्हवता. कोटाकडं बघत व्हता."

तिने मान खाली घातली. माफी मागून झाली होती. पुन्हा मागून तो डोळा येणार नव्हता. मंदाने पिशवी पुढे केली. कोट धुऊन घडी घातलेला होता. रक्ताचे डाग तसेच होते.

"ह्यो आता घरात नको, ताई," गोरख म्हणाला. "राग न्हाई. पर नको."

बॅटऱ्या बदलायला तो पुन्हा जाणार का, हे तिने विचारलं नाही.

संध्याकाळी घरी बसून तिने कानोसातली बिल्ल्याची ती जुनी ओळ पुसून टाकली. 'कुत्रे' हा शिक्का काढून त्या जागी भैयाचा क्रमांक घातला. मग 'माणूस सात' उघडलं. त्या क्रमांकाच्या जागी एक शब्द बोलून भरायचा होता. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा आवाज फुटला. चौथ्यांदा जमलं.

सकाळी उन्हं वर आल्यावर तिने कोट घातला, टोपी घातली आणि ती दलदलीत उतरली. चार पावलं, थांबली. चार पावलं, थांबली. पाखरं उठली. ताठ मानेच्या टिटव्या, भेदरलेले शेकाटे, आणि त्यांच्यात या वर्षीची पिल्लं, नीट उडताही न येणारी, ज्यांच्या पायांत कुणीच कडी घातली नव्हती. तीही आपल्या कोवळ्या, चिरक्या गळ्याने तीच हाक शिकत होती. तीन तुटक, एक लांब.

"बाबा," खिशातला फोन तिच्या आवाजात म्हणाला. "बाबा. उत्तर बाजू. बाबा."

या जगात त्यांचं नाव इतक्या जोराने कुणी घेत नव्हतं. तिने ते पोटभर ऐकलं. मग एका पिल्लाकडे तिचं लक्ष गेलं. ते चिखलात अंग दाबून, मान लांब करून पडलं होतं, मेल्यासारखं, आणि त्याचं काळीज त्याच्या पाठीतून उडताना दिसत होतं.

तिने कोट काढला. टोपी काढली. घडी घालून काखेत धरली, आतली बाजू बाहेर करून.

एकेक टिटवी खाली उतरली. शेकाट्यांनी पाय मिटवले, पुन्हा लांब केले, चोची चिखलात घातल्या. पिल्लाने मान उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि तुरुतुरु आईकडे गेलं. फोन गप्प झाला.

पाखरांच्या लेखी बाबा आत्ता गेले होते. ती त्या शांततेत उभी राहिली, गुडघाभर चिखलात, आणि तिच्याभोवती शेकाटे चरत होते.